माझ्या नावाच्या अलीकडे

वाक्य माझ्या नावाच्या अलीकडेच तुटलं होतं. ‘आणि माझी बायको’ इथवर अक्षरं होती, त्यापुढे यंत्राच्या काचेवर नुसता काळोख. मी बोट काचेला लावून पुन्हा मागून वाचत आले. चार इयत्तांचं माझं वाचन, बोटाशिवाय चालत नाही. पण बोट थापा मारत नाही. बायको. पुढे काही नाही. दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं. खालून कालव्याचा वास आणि सकाळच्या होडीची फटफट आत येत होती, आणि मी त्यांच्या खुर्चीत बसले होते, नाकाशी कापराची नळी धरून. त्यांना जाऊन एकाहत्तर दिवस झाले होते. शवपेटी कालव्यापलीकडच्या विहारात ठेवलेली, शंभराव्या दिवशी अग्नी. त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक पडायला हवं, गेलेल्या माणसाचं आयुष्य सांगणारं. थोनबुरीच्या या काठाला तीस वर्षं अशी पुस्तकं आम्हीच छापत आलो. न्यायाधीशाचं छापलं, गिरणीवाल्याचं छापलं, एका बाईचं तर नुसतं तिच्या हातच्या आमट्यांचं छापलं, आणि लोक ते अजून मागायला येतात. आता घरचं पुस्तक. आणि घरच्या पुस्तकात मी येते तिथेच माझ्या नवऱ्याची वाचा बसते.

हे टाइप करत होती सून. नुअन तिचं नाव. नदीपलीकडच्या तंत्रविद्यालयात ती पोरांना कॉम्प्युटर शिकवते. सकाळी सातला जाते, चारला येते. पाचला मी विहारात जाते, पेटीपुढे उदबत्ती लावते, थोडा वेळ बसते, त्यांना दिवसभराचं सांगते. मी तिकडे असते तेव्हा ती इकडे यंत्रापुढे. म्हणजे ती लिहिते तेव्हा मी घरात नाही आणि मी वाचते तेव्हा ती घरात नाही. असं वेळापत्रक मुद्दाम बसवायचं म्हटलं तरी बसलं नसतं. लग्न होऊन आली तेव्हाच मला तिची एक गोष्ट खटकली होती. ही मुलगी ऐकून घेते. मी काही बोलले की मान खाली घालून ऐकते आणि मग जे करायचं तेच करते. माझा मुलगा विरुन म्हणतो, आई, ती शांत आहे. शांत मांजर पण असतं, मासळीच्या टोपलीपाशी.

त्यांनी आपलं आयुष्य स्वतःच लिहून ठेवलं होतं, इस्पितळात, शाळेच्या चार वह्यांत. पहिल्या तीन मी वाचल्या. लहानपण, गुरू, पहिला छापखाना, कुठल्या कुठल्या तारखा, आणि तारखांत ते कधी चुकले नाहीत. चौथ्या वहीत मात्र हात थरथरायला लागला होता. मुंग्यांच्या रांगेत कुणी पाय ठेवावा तसं अक्षर. ते मला लागेना. नुअनला लागायचं, तिला पोरांचे पेपर तपासून सवय. मी तिला म्हणू शकले असते, वाच, काय लिहिलंय माझ्याबद्दल. म्हटलं नाही. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाला जेवायला वाढलं त्यानं माझ्याबद्दल काय म्हटलंय हे दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडून ऐकायचं, आणि ऐकताना माझा चेहरा तिनं बघायचा. छापून येईल तेव्हा वाचीन, असं मी ठरवलं होतं. आणि आता छापून यायच्या आधीच ते कुणीतरी कापत होतं.

दुपारी चारला ती आली, पायातले जोडे काढून बाजूला लावले, बर्फाच्या कॉफीची पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी पिशवीकडे बघितलं नाही.

“कालची ओळ अर्धी ठेवलीस.”

“नाही, आई. मी पान संपवूनच उठले.”

“मग उरलेली मांजरानं खाल्ली असेल.”

ती पिशवी बाजूला सरकवून यंत्रावर वाकली. मग म्हणाली, “बघते,” आणि संध्याकाळी पुन्हा लिहिलं म्हणाली. दुसऱ्या सकाळी मी शटर वर केलं, बोट लावलं. आणि माझी बायको. काळोख.

सकाळचा माझा एक क्रम आहे. आधी अंगणातल्या देवघराच्या खांबापाशी पाणी आणि जुईचा हार, मग यंत्राची तारीख, मग शटर. यंत्र जुनं आहे. एक परदेशी कचेरी बंद झाली तेव्हा यांनी ते होडीतून आणलं, फिल्मवर अक्षरं उठवणाऱ्या मशीनला जोडलं, आणि तेव्हापासून आमचं दुकान त्याच्यावर. त्याच्या पोटातली बारकी बॅटरी मेली, तशी नवी मिळेना. रात्री बंद केलं की सकाळी ते आजचा दिवस विसरतं. म्हणून रोज सकाळी त्याला दिवस सांगावा लागतो. हे काम त्यांचं होतं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं, विरुनला नाही, नुअनलाही नाही. कागदाचा एक चिठोरा काचेच्या कडेला चिकटवला, त्यावर त्यांचं अक्षर, अजून तेव्हा सरळ होतं: महिना, दिवस, तास, मिनिट, शेवटी सालाचे शेवटचे दोन आकडे. त्या दिवसापासून एक सकाळ मी चुकवली नाही. ते गेले त्या सकाळीसुद्धा, विरुन फोनवर रडत असताना, मी आधी तारीख लावली. समोर भिंतीवर सोनाराच्या दुकानाचं कॅलेंडर आहे, बुद्धसंवताचं साल दोन हजार पाचशे सदतीस, हाताएवढ्या आकड्यांत. चूक व्हायला जागाच नाही.

तारीख लावून मी तशीच बसून राहिले आणि मला ती महिन्यामागची दुपार आठवायला लागली. संशयाचं असंच असतं, एकदा पाय मोकळा झाला की मागे मागे चालत जातो. यंत्रावर लिहायचा जो जुना प्रोग्राम होता त्याला आमची लिपी कळत नव्हती. अक्षरांची डोकी उडवायचा, वरच्या मात्रा कुठेच्या कुठे. हे होते तोवर कसल्या कसल्या खुणा घालून भागवायचे, त्या खुणा त्यांच्याबरोबर गेल्या. नुअन म्हणाली, हे युनिक्स फार जुनं आहे, आई, याच्यासाठी तयार प्रोग्राम आता कुणी देत नाही. मूळ लिखाण मात्र मिळतं, आमच्या कॉलेजातल्या लोकांनी त्यात आपली अक्षरं घातली आहेत. ते इथे आणून याच यंत्रावर बांधावं लागेल. सहा फ्लॉप्या आणल्या. एक हुकूम दिला आणि काचेवर ओळी धावायला लागल्या, परक्या लिपीत, खालून वर, खालून वर, पाऊण तास. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. माझ्या घरात काय शिजतंय ते मला बघायचं होतं.

“हे काय म्हणतंय? मधेच थांबून दोन-दोन ओळी काय लिहितंय?”

“तक्रारी आहेत त्याच्या. चुका नाहीत. म्हणतं, असं करायला नको होतं, पण सांगता तर करतो.”

“म्हणजे विरुनसारखं.”

ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं असेन. मग तिनं मला समजावलं. मूळ लिखाणाचे पन्नास तुकडे, म्हणजे तांदूळ. प्रत्येकाचा वेगळा भात शिजतो, आणि शेवटी सगळे भात एका पातेल्यात. पुढे कधी एखाद्या तुकड्यात बदल केला तर यंत्र सगळा स्वयंपाक पुन्हा करत नाही. तांदूळ नंतरचा की भात नंतरचा, एवढंच बघतं. तांदूळ नवा असेल तर तेवढाच शिजवतं. भात नवा असेल तर म्हणतं, ताजा आहे, कशाला हात लावू. मला ते पटलं होतं. माझ्या सासूबाई पण असंच स्वयंपाकघर चालवायच्या. पण आता त्या दुपारकडे बघताना मला वाटायला लागलं, त्या पाऊण तासात नक्की काय काय शिजलं? ओळी तर मला वाचता येत नव्हत्या. माझ्याच डोळ्यांदेखत, मी स्टुलावर बसलेली असताना, तिनं त्यात काही घातलं असेल तर? असं काही, की विशिष्ट शब्द आला की तोंड मिटायचं?

आणि त्याखाली दुसरा संशय होता, कालव्याच्या तळाला असतो तसा चिखल, ज्यात मी पाय घालायला तयार नव्हते. तिनं कापलं असेल तर का कापलं? कापण्यासारखं त्यांनी लिहिलं काय होतं?

मला ठाऊक होतं ते काय असणार. अठरा वर्षांपूर्वी, त्यांची आई गेल्यावर, तिच्या पुण्यासाठी एक पावसाळा ते चीवर घालून विहारात राहिले. छापखाना माझ्याकडे. तेव्हा दुकानात जुळणीच्या अक्षरांचे शिशाचे खिळे होते, त्यांच्या गुरूंनी स्वतः ओतून घेतलेले, चाळीस लाकडी खण भरून. दुसरीकडे सगळीकडे फिल्म आली होती. गिऱ्हाईक नाक मुरडून जात होतं. मी भंगारवाल्याला बोलावलं आणि खिळे उचलायला सांगितले. होडी पाण्यात एवढी खाली गेली की काठावरची पोरं बघायला जमली. ते परत आले, केस अजून वाढले नव्हते, पांढरा सदरा, हातात पंखा. त्यांनी एक खण ओढून बघितला. त्यात मी सुकी मासळी ठेवली होती. दुसरा ओढला, त्यातही. “बरं,” म्हणाले, खण आत सारला, आणि त्यानंतर तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी माफी मागितली नाही. कशाची मागायची? त्या फिल्मवर मुलगा शिकला, त्या फिल्मवर सून आली. पण तो ‘बरं’ माझ्या कानात राहिला आहे. एखादी चिंच दातात अडकते तसा, जीभ आपोआप तिथेच जाते. चौथ्या वहीत, मरणाच्या दारात, माझं नाव काढून त्यांनी दुसरं काय लिहिलं असणार? तीनशे लोकांच्या हातात ते पुस्तक पडणार. माझ्या बहिणी, विहाराचे थोरले भिक्खू, आमटीवाल्या बाईच्या मुली. आणि हे सगळं नुअनला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी ती ते वाचत होती आणि रोज सकाळी माझ्या पुढे भाताची पेज ठेवताना मान खाली घालत होती.

रविवारी ती घरी होती. स्वतःच लिहून, मिटवून, पुन्हा उघडून तिनं बघितलं. मी मुद्दाम दाराशी शेंगा सोलत बसले होते.

“आई, कळलं असं वाटतंय. प्रोग्रामच कापतोय. एका ओळीत हजारेक अक्षरांच्या वर गेलं की साठवताना पुढचं टाकून देतो.”

“आणि बाकीची पानं बरी राहिली?”

“बाकीचे परिच्छेद छोटे आहेत. ज्यांनी हा लिहिला त्यांच्याकडे शब्दाशब्दाला जागा सोडतात, ओळी तोडतात, त्यांना एवढी ओळ कधी लागलीच नसेल. आपल्या लिपीत शब्दांमधे जागा सोडतच नाहीत. आणि बाबांनी इथे दीड पान कुठे थांबलेच नाहीत. मी मधे दोन ठिकाणी तोडून टाकते, म्हणजे…”

“तोडायचं नाही.”

“फिल्मवर तीन परिच्छेद दिसतील, एवढंच.”

“त्यांनी एका श्वासात लिहिलंय ना? इस्पितळात, नळ्या लावलेल्या असताना? मग तो श्वास तू तोडणार नाहीस. गिरणीवाल्याच्या पुस्तकात यांनी कधी एक ओळ आपल्या सोयीनं मोडली नाही.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ बघितलं. तेव्हा मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. मग म्हणाली, कॉलेजात मोठी स्क्रीन आहे, मॅन्युअल आहे, मूळ लिखाणातला तो आकडा मी तिथे वाढवून आणते. सोमवारी फ्लॉपी आणली, पर्समधून काढली, घातली, हुकूम दिला. मी बघत होते. पहिल्यांदा पाऊण तास ओळी धावल्या होत्या. या वेळी एक ओळ आली आणि थांबली.

“झालं?”

“एकच तुकडा बदलला ना, त्याला वेळ लागत नाही,” ती म्हणाली. संध्याकाळचा जादा वर्ग होता, ती जोडे घालतच बोलत होती. “आल्यावर लिहिते.”

मंगळवारी सकाळी: आणि माझी बायको.

विरुन खाली आला तेव्हा मी त्याला खुर्चीशी उभं केलं. हा माझा मुलगा, सत्तेचाळीस किलोचा माणूस, वडिलांचं कपाळ आणि कुणाचंच धाडस नाही.

“तुझी बायको मला नाचवते आहे. एका ओळीत उरकलं तिनं काल. शिजवल्याचं सोंग केलं.”

“आई, ती कशाला करेल?”

“ते तिला विचार. तुझ्या बापानं माझ्याबद्दल लिहिलेलं तिला छापायचं नाही. किंवा मला कळू द्यायचं नाही. एक काहीतरी.”

“शुक्रवारपर्यंत फिल्म निघाली नाही तर मी पलीकडच्या छापखान्यात देणार,” तो म्हणाला, माझ्याकडे न बघता. “छपाई, बांधणी, बारा-पंधरा दिवस हवेतच. तिथे नवीन मशीन आहेत. एका दिवसात करून देतील.”

 तीस वर्षं लोकांची मढी आम्ही अक्षरांत नीट झोपवली, आणि ज्यानं झोपवली त्याचं पुस्तक दुसऱ्याच्या दुकानातून आणायचं, शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरांत दुसऱ्याचं नाव. त्यापेक्षा पुस्तक नसलेलं बरं. आणि पुस्तक नसलं तर चौथी वही पण नाही. हा विचार आला, आणि त्यात मला सुटल्यासारखं वाटलं.

मंगळवारी तिनं आकडा अजून मोठा करून दुसरी फ्लॉपी आणली. पुन्हा एक ओळ. बुधवारी सकाळी पुन्हा काळोख. बुधवारी संध्याकाळी मी विहारात गेले नाही. पाचनंतर ती यंत्रावर बसायला आली, मला खुर्चीत बघून दारातच थांबली. तिचे डोळे सुजलेले होते.

“आई, एक विचारू? रागावू नका. सकाळी तुम्ही एकट्या असता तेव्हा… यंत्राला काही करता का?”

“काय म्हणालीस?”

“हात लावता का, एवढंच विचारते.”

“माझ्या घरात, माझ्या नवऱ्याच्या यंत्राला मी हात लावायचा नाही? तुझ्या कॉलेजातून चिठ्ठी आणू?”

ती आत निघून गेली. जेवायला बाहेर आली नाही. विरुन ताट घेऊन आत गेला आणि तसंच घेऊन परत आला. मी ऐकत होते, आत कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, कपड्यांच्या घड्यांचा. जाईल माहेरी, मला वाटलं. बरं, मला वाटलं, आणि तो शब्द माझाच असून त्यांच्या आवाजात ऐकू आला.

गुरुवारी ती कॉलेजला गेली नाही, माहेरीही गेली नाही. सकाळी सहालाच खाली आली. मी अंगणातून येऊन नुकतीच तारीख लावली होती. माझ्याशी न बोलता तिनं यंत्राला काही विचारलं आणि शेजारच्या खडखड्या प्रिंटरमधून कागदाची लांब पट्टी निघाली. ती पट्टी तिनं माझ्यासमोर टेबलावर पसरली.

“हे सगळे तुकडे. तांदूळ आणि भात. तुम्हाला वाटतं मी काही चोरून घातलंय, तर बघा. एकेक विचारा, मी सांगते.”

हे ती टोचून म्हणाली, पण मी शब्दाला शब्द धरणारी बाई. मी बोट लावलं. नावं परक्या लिपीत, ती मला लागत नव्हती. पण आकडे मला लागतात. आकडे सगळ्यांचे सारखे. बोट खाली उतरत गेलं, आणि प्रूफ तपासताना जसं रांगेतलं वाकडं अक्षर आधी दिसतं आणि वाक्य नंतर, तसं मला ते दिसलं.

“ह्यांच्यापुढे वेळ आहे, तास-मिनिट. ह्यांच्यापुढे साल आहे. असं का?”

“जुन्या गोष्टींपुढे साल दाखवतं. सहा महिन्यांच्या आतलं असेल तर वेळ.”

“हा कुठला?”

“तो मूळचा, कुणीतरी चार वर्षांपूर्वी लिहिलेला. एकोणीसशे नव्वद.”

“आणि हे तासवाले?”

“ते आपण महिन्यापूर्वी इथे शिजवलेले भात.”

बोट एका ओळीवर थांबलं. “हा?”

“हाच तो. परवा मी बदलून आणला.”

“परवाचा. मग तो जुन्यांत कसा बसलाय? त्याच्यापुढे साल का?”

 वाकून तिनं माझ्या बोटाखालचा आकडा वाचला. एकोणीसशे चौऱ्याण्णव. जगाचं चालू साल, तिच्या कॉलेजातल्या यंत्रानं घातलेलं. ती उठली, कळफलकावर एकच छोटा शब्द दाबला, आणि यंत्रानं एक ओळ दिली. ती ओळ मी रोज सकाळी बघते, तारीख लावली की ते उलटून म्हणतं. महिना बघते, दिवस बघते, शेवटचे दोन आकडे बघते. मधलं मी कधी बघितलं नव्हतं, ते त्याचं त्याला. आज मी सगळा आकडा वाचला. दोन हजार सदतीस.

 कालव्यातून भाजीची होडी गेली, लाटा पायरीवर आपटून शांत झाल्या. माझ्या डोक्यात सगळं आपोआप रांगेत बसत होतं, जुळारी खिळे बसवतो तसं, टक, टक, टक. आमचं साल सदतीस, मी सदतीस सांगितलं. यंत्राला आमचं साल ठाऊक नाही, ते त्रेचाळीस वर्षं पुढच्या सदतीसमध्ये जाऊन बसलं. महिन्यामागचा भात त्याच्या लेखी त्रेचाळीस वर्षांनंतरचा. तिनं परवा आणलेला तांदूळ त्याहून जुना. ताजा आहे, कशाला हात लावू. दोन फ्लॉप्या आणल्या तिनं, आणि शंभर आणल्या असत्या तरी यंत्रानं तेच म्हटलं असतं. जगाचं साल वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. कितीतरी पुस्तकांवर मी ते छापलेलं बघितलं आहे, मागच्या पानावर, बारीक. पण चिठोऱ्यावर साल कुठलं हे त्यांनी लिहिलं नव्हतं. त्यांच्या मनात कुठलं हे त्यांना उघड होतं आणि मला कुठलं हे मला. चव्वेचाळीस वर्षं आम्ही बहुतेक असेच बोललो.

“ही तारीख,” नुअन हळूच म्हणाली, यंत्राकडे बघत, “कोण लावतं?”

तिला ठाऊक नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं, ती माझी सकाळ होती. बॅटरी मेली आहे, असं म्हणता आलं असतं. खोटं झालं नसतं. ती बॅटरीवर गेली असती, विरुन बॅटरी शोधत फिरला असता, आणि मी कापराची नळी नाकाशी धरून बसले असते.

“मी,” मी म्हणाले. “कॅलेंडर बघून.”

तिनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही.

“मला वाटलं, तुम्ही काढताय,” ती म्हणाली.

“काय काढते?”

“तो मजकूर. सकाळी. मला वाटलं, तुम्ही वहीत वाचलंय आणि ते छापायला नको म्हणून रोज सकाळी तुम्हीच पुढचं पुसता. आणि मग माझ्यावर ओरडता. रविवारी तुम्ही एवढं म्हणालात, श्वास तोडायचा नाही, तेव्हा मला कळेना. म्हणून मी नीट शोधलंच नाही, आई. एका ओळीत झालं, ते मला पण खटकायला हवं होतं. मी म्हटलं, कशाला शोधायचं, उद्या पुन्हा पुसतीलच.”

“मला ती वही वाचता येत नाही,” मी म्हणाले. हे पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. “शेवटची. अक्षर लागत नाही.”

मग आम्ही दोघी पट्टीवर वाकून बसलो. एक सासू आणि एक सून, समोरासमोर दोन चोर, आणि चोरी झालेलीच नाही.

“तो शिळा भात टाकायचा कसा?” मी विचारलं.

तिनं मला खुर्चीत सरकवलं. आधी तारीख. महिना, दिवस, तास, मिनिट मी घातलं, शेवटचे दोन आकडे तिनं सांगितले, नऊ, चार. ते दाबताना मला विहारात जोडे घालून शिरल्यासारखं वाटलं. मग तिनं एक हुकूम दिला, सगळे भात गेले. दुसरा दिला, आणि ओळी पुन्हा धावायला लागल्या, खालून वर, तक्रारींसकट. पाऊण तास. विरुन खाली आला, आम्हाला शेजारी शेजारी बघून जिन्यातच थबकला, आणि शहाण्यासारखा परत वर गेला. मी आत जाऊन दोघींची पेज आणली, खारवलेलं अंडं दोन भागांत कापलं. तिनं मोठा भाग माझ्याकडे सरकवला, मी तो परत तिच्याकडे सरकवला. ते अंडं तसंच मधे राहिलं.

ओळी थांबल्या. तिनं चौथी वही गुडघ्यावर उघडी ठेवली आणि लिहायला लागली. मी मागे उभी होते, तिच्या खांद्यावरून, आणि अक्षरं माझ्या बोटाच्या वेगानं येत होती, जरा कमीच. आणि माझी बायको. तिथे तिचे हात थांबले नाहीत.

‘आणि माझी बायको लमाय हिनं मी चीवर घालून बसलो असताना माझ्या गुरूंचे खिळे भंगारात घातले आणि मी परत आल्यावर तीन महिने तिच्याशी बोललो नाही पण ती मात्र रोज बोलत राहिली भाताशी मांजराशी खणातल्या मासळीशी माझ्याकडे पाठ करून आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं आणि तेव्हा मला कळलं की या दुकानात पहाटेपासून जो खडखडाट असायचा आणि जो मला झोपेतसुद्धा लागायचा तो मी खिळ्यांचा समजत होतो पण खिळे गेले तरी तो होताच इथे इस्पितळात फार शांत असतं’

तिथे त्यांचं पान संपलं होतं. पूर्णविराम नव्हता, तिनं घातला नाही.

माझी नळी कुठे पडली होती कोण जाणे. नाकानं श्वास घेता येत नव्हता. तीनशे माणसं हे वाचणार. मासळीसकट. माझी धाकटी बहीण ते दरवर्षी काढणार, नव्या वर्षाच्या जेवणात, तोंडात घास असताना.

नुअन वळली नाही. कळफलकावर हात ठेवून यंत्राकडेच बघत म्हणाली, “आई, खिळ्यांचं ठेवू, की…”

“आधी साठव,” मी म्हणाले. “मिटव. पुन्हा उघड. तुझ्या त्या प्रोग्रामवर माझा अजून विश्वास बसलेला नाही.”

तिनं साठवलं, मिटवलं, काच काळी झाली, मग पुन्हा उजळली. मी पुढे वाकले आणि बोट लावलं. आणि माझी बायको. बोट तिथे सवयीनं थांबलं. मग मी ते पुढे सरकवलं. काच पुढेही तशीच होती, कोमट, आणि अक्षरं होती.